पूर्णेकाठची भरती

आमच्या गावातून वऱ्हाडात गेलेला मी पहिला, असं लोक सांगतात. ते खरं नाही. माझ्याआधी माझा थोरला भाऊ हिरादादा गेला होता. तो तेव्हा परत आला नव्हता, म्हणून त्याला कोणी मोजत नाही एवढंच. मी आल्यापासून शाळेतल्या मुलांपासून होडीवाल्यांपर्यंत सगळे विचारतात, तिकडे कापसाच्या पैशाने बैलांची शिंगं चांदीने मढवतात हे खरं का? एका ठिकाणी मढवलेली पाहिली, म्हणून मी हो म्हणतो. पुढचं काही बोलत नाही. पण अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून ठेवावं, असं वाटू लागलं आहे.

आम्ही खाडीकाठचे मिठागरवाले. तीन पावसाळ्यांमागे उधाणाच्या भरतीत आमचा बांध फुटला आणि आमचे बाबा त्यात गेले. बांधावर राखणीची पाळी हिरादादाची होती. वर्षश्राद्ध झालं आणि दादा एका कापूसवाल्याच्या माणसांबरोबर निघून गेला. मध्ये दोन निरोप आले. मग एक चिठ्ठी आली. त्यात लिहिलं होतं, "इथे खाली समुद्र आहे. सोडून येता येत नाही. आईला सांगणे."

आईने ती चिठ्ठी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मग म्हणाली, "त्याचं डोकं ठिकाणावर नाही. तू जा आणि घेऊन ये." दादाची बायको, आमची पार्वतीवहिनी, दारात उभी होती. ती म्हणाली, "तिकडे दुसरं घर केलं असेल तर येऊन मला सरळ सांगा. लपवू नका." मी मास्तरकी करतो त्या शाळेतून दीड महिन्याची रजा घेतली आणि निघालो.

अमरावती

आगगाडी नेत होती तिथवर आगगाडीने, आणि पुढे कापूस पोचवून रिकाम्या परतणाऱ्या बैलगाड्यांतून, मार्गशीर्षाच्या अखेरीस मी अमरावतीला पोचलो. तिथली हवाच पांढरी होती. बाभळीच्या काट्यांना, छपरांना, म्हाताऱ्यांच्या भुवयांना कापूस चिकटलेला. बोलताना तोंडात जायचा. जो तो अमेरिकेतल्या लढाईबद्दल विचारत होता. ती थांबू नये अशी लोकांची मनापासून इच्छा होती. लढाई कुठे आहे आणि कोण मरतंय हे मात्र कोणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

ज्या बाईच्या खानावळीत उतरलो तिला पहिल्या दिवशी मी भात मागितला. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "बिमार हायेस का?" तिकडे भात आजाऱ्याला देतात. मग तळव्याएवढी जाड ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी आणि ठेचा पुढे आला. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. चौथ्या दिवशी मीच ठेचा मागून घेऊ लागलो.

दादाची चिठ्ठी तिथल्या एका वखारीतून आली होती. तिथे जमिनीत खड्डे खणून त्यांत उंच गोण्या टांगल्या होत्या आणि प्रत्येक गोणीत एक माणूस उभा राहून पायांनी कापूस तुडवत होता. वरून नुसती डोकी दिसायची, वर खाली होणारी. मी हिरादादाचं नाव घेतलं तेव्हा त्यातलं एक डोकं थांबलं.

"हिरा कोकण्या? थो गेला ना."

"कुठे गेला?"

"पानी आयकाले गेला." ते डोकं पारखून घ्यावं तसं माझ्याकडे बघत होतं. "पूर्नेकडं खाऱ्या पान्याच्या विहिरी हायेत. तिकडं रायते. आमाले म्हने, खालून बोलते."

"कोण बोलतं?"

"ते त्यालेच इचारा," ते म्हणालं आणि परत कापसात खाली गेलं.

दर्यापूरच्या वाटेवर

दर्यापूरकडे जाणाऱ्या गाडीत मला रामय्या भेटला. रेल्वेच्या पुढच्या रस्त्यासाठी जमिनीचा उंचसखलपणा मोजणारा हा माणूस मूळचा तेलंगणातला, उंच, फार हळू बोलणारा. दुर्बीण लावलेलं पितळी यंत्र त्याने तान्ह्या मुलासारखं मांडीवर घेतलं होतं.

डोंगर आणि खाडी यांच्यामध्ये वाढलेल्या माणसाला ती सपाटी सोसत नाही. काळी जमीन सगळीकडे तडकलेली. काही भेगा एवढ्या खोल की गाडीवानाने त्यात काठी घातली ती मुठीपर्यंत गेली. उत्तरेला मात्र सातपुड्याची कड एका सुरीने कापावी तशी सरळ उभी होती. कुठे उतार नाही, पायथ्याच्या टेकड्या नाहीत.

"एवढा सरळ डोंगर मी कधी पाहिला नाही," मी म्हणालो.

रामय्या म्हणाला, "पहाड उपर नहीं गया, मास्टर. ये जमीन नीचे बैठी है." मग त्याने मोडक्यातोडक्या मराठीत समजावलं. हा सगळा काळा दगड एकेकाळी विस्तवासारखा तापलेला, पातळ होता. जमिनीला फट पडून तो वर आला, पसरला, निवला. त्यावर दुसरा आला. असे थरावर थर. साहेबलोकांनी पुलांचे पाये खणताना ते मोजले आहेत. आणि या डोंगराच्या कडेने जमिनीत एक लांब चीर आहे. चिरेच्या एका बाजूला डोंगर राहिला, दुसरी बाजू खाली गेली. वर नदीने गाळ आणून भरला, म्हणून आपल्याला सपाट दिसते.

"हे कधी झालं?"

"माणूस नव्हता तेव्हा."

"आता तर नाही ना बसत?"

तो बराच वेळ यंत्रावरची धूळ पुसत राहिला. "मालूम नहीं," तो म्हणाला. "दरसाल मी खुंट्या ठोकून जातो. चिरेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या. पुढच्या साली मोजतो तर मेळ बसत नाही. साहेब म्हणतात रामय्या चुकला. मैं भी बोलता हूं, हां साहब, चूक गया."

फाट्यावर तो उतरला. जाताना यंत्र खांद्यावर घेऊन त्याने एकदा पायाखालच्या जमिनीकडे पाहिलं, आणि तोंडातल्या तोंडात काही पुटपुटला. ते मला ऐकू आलं नाही.

पूर्णेचा काठ

त्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पूर्णेच्या काठी आहे एवढं पुरे. दुपारी पोचलो तेव्हा गाव मोकळं होतं. बायकापुरुष सगळे कापूस वेचायला गेलेले. गावाबाहेर जमिनीवर पांढरं काही पसरलं होतं. मला तो सांडलेला कापूस वाटला. बोटाने उचलून जिभेला लावलं तर मीठ. समुद्र सोडून मला तीन आठवडे झाले होते, आणि जिभेवर आमच्या घरची चव होती.

पुढे आखलेले वाफे होते, अगदी आमच्यासारखे, फक्त लहान. वाफ्यांपलीकडे एका विहिरीपाशी एक माणूस जमिनीला कान लावून पालथा पडला होता. माझ्या चाहुलीने त्याने मान वर केली.

"थांब," तो म्हणाला. "आत्ता उतरून रायली."

तो हिरादादा होता. दाढी वाढलेली, अंग करपलेलं. उठला तेव्हा डावा पाय ओढत आला. मला ओळखून त्याने माझे दोन्ही दंड धरले आणि बराच वेळ नुसता धरून राहिला.

"मले वाटलंच होतं, तूच येशील," तो म्हणाला. माझा भाऊ 'मले' म्हणतो आहे हे ऐकून मला कसंसंच झालं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती टाळून पुढे जाता येणार नाही. बाबांना जाळून आलो त्या दिवशी, सगळ्या भाऊबंदांसमोर, मी दादाला म्हटलं होतं, "तुझ्यामुळे गेले." आईने मला पाठवलं त्यामागे हेही असावं. पण आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही. मी आईचं सांगितलं, वहिनीचं सांगितलं. दुसरं घर नव्हतं. एक खोपटं होतं, त्यात एक घोंगडी आणि एक मडकं.

संध्याकाळी विहिरींचा म्होरक्या गणुजी आला. साठीचा, बुटका, हातांना मिठाने चिरा पडलेल्या. पाठोपाठ त्याचा मुलगा सोपान, पंचविशीचा गडी. गणुजीने मला आपादमस्तक न्याहाळलं.

"न्याले आलास का त्याले?"

"हो."

"ने. पन त्याच्याशिवाय आमचं अडते, हे ध्यानात ठेव."

त्या रात्री सोपानच्या हातचे रोडगे खाल्ले, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले, वांग्याच्या भाजीबरोबर. मी ते चावायला लागलो तर तो हसत सुटला. "कुस्करा लागते, मास्तर. तुमी तर चनेच खाऊन रायले." मग त्याने मला समुद्राबद्दल विचारलं. किती पुरुष खोल आहे? मला ठाऊक नाही म्हटल्यावर त्याला नवल वाटलं. "एवढ्या जवळ रायता अन् मोजला नाई?"

त्याने कनवटीतून एक लहानशी गोष्ट काढून माझ्या हातावर ठेवली. शिंपला होता, पांढरा, कागदासारखा पातळ. पंधरा पुरुष खाली चिखलात सापडल्याचं तो म्हणाला.

भोपळा आणि दगड

या विहिरी कशा खणतात ते सांगतो. एक माणूस बसेल एवढंच तोंड; तळाशी मात्र दोघातिघांपुरती जागा करतात. वीस पुरुष खोल जावं लागतं. माती कोसळू नये म्हणून निर्गुडीच्या फांद्या विणून टोपलीसारखं अस्तर आतून लावत जातात. तळाला एक टणक थर लागतो. तो पहारीने फोडला की खालचं खारं पाणी जोराने उसळून वर येतं. फोडणाऱ्या माणसाला त्याच क्षणी दोराने वर ओढतात. तळ फोडण्याचं हे काम दादा करत असे. मागच्या साली अस्तराचा एक भाग त्याच्या पायावर बसला आणि त्याला खाली उतरणं सोडावं लागलं. तेव्हापासून तो पाण्यावर लक्ष ठेवत होता.

जुन्या विहिरीत त्याने एक सुका भोपळा सोडला होता. त्याला सुतळी बांधून ती वर आडव्या बांबूवरून घेतली होती आणि दुसऱ्या टोकाला दगड टांगला होता. पाणी चढलं की दगड खाली यायचा, उतरलं की वर जायचा. मागच्या खांबावर चुन्याच्या रेघा होत्या.

"दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं," दादा म्हणाला. "चार बोटं. आज किती वाजता भरती आहे घरी?"

आमच्याकडे तिथीच्या पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे लहान मूलही सांगतं. मी हिशेब केला. दादाने काही न बोलता दगडाकडे बोट दाखवलं. दगड रेघेरेघेने खाली येत होता.

मी तीन दिवस ते तपासलं. शाळामास्तर आहे, दुसऱ्याच्या बोलण्यावर विसंबून राहणं माझ्या स्वभावात नाही. सूर्याची सावली धरून वेळा मांडल्या. वेळा अगदी आमच्या खाडीच्या नव्हत्या, थोड्या मागेपुढे होत्या. पण भरती रोज तितकीच उशिरा येत होती, जितकी घरी येते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सर्वांत लहान भरतीला, दगड जेमतेम हलला होता आणि अमावास्येच्या उधाणाला पाच बोटं उतरला होता, याच्या खुणा दादाने खांबावर करून ठेवल्या होत्या. भर दुपारी, वाऱ्याचा मागमूस नसताना, त्या आंधळ्या विहिरीत कोणी श्वास घ्यावा तसं पाणी वर येत होतं.

"समुद्र इथवर कसा येईल दादा?" मी म्हणालो. "मध्ये घाट आहेत, डोंगर आहेत."

"पाणी येतं असं मी कुठे म्हणतो?" तो म्हणाला. "कदाचित जमीनच फुगते आणि बसते. मला काय माहीत. मी घरापासून पळून निघालो, जिथे भरती नाही अशा जागी जायचं म्हणून. अन् इथं पालथा पडलो तर खाली तेच." थोड्या वेळाने म्हणाला, "त्या दिवशी मी बांधावर झोपलो होतो. तुला कोणी सांगितलं नसेल. झोप लागली होती मला. आता लागत नाही."

मी खांबावरच्या रेघा मोजत राहिलो. बोलायला हवं होतं.

त्याच तीन दिवसांत आणखी काही दिसत होतं. गणुजीची बायको यमुनाबाई म्हणाली की एवढ्या थंडीत वाफ्यांत साप येऊन बसलेत, निपचित, दगड मारला तरी हलत नाहीत. मी स्वतः सात मोजले. विहिरीचं पाणी कोमट झालं होतं. गावातले बैल विहिरींच्या बाजूला येईनात, लांब ओळीने उभे राहत आणि एकाच दिशेला बघत, उत्तरेला. कधी दोर हातात धरला तर तळव्यात मुंग्या आल्यासारखं व्हायचं. आमचं बोलणं हळूहळू दबक्या आवाजात होऊ लागलं. का, ते कोणी विचारलं नाही.

चौथा दिवस

नवी विहीर जुनीपासून पाव कोसावर होती. तळ अगदी जवळ आला होता. कापसाने मजूर पळवल्यामुळे गणुजीकडे मोजकीच माणसं उरली होती, आणि आज उद्यात तळ फोडायचा असं ठरलं होतं. सकाळी किसन, बापू आणि सोपान खाली उतरले.

मी दादाबरोबर जुन्या विहिरीपाशी बसलो होतो. ओहोटीची वेळ झाली. दगड वर जायला हवा होता. गेला नाही. दादा पुढे सरकून बसला. ऊन चढलं. दगड जागीच. मग तो थरथरला आणि झपकन एक वीतभर खाली आला. पाणी चढलं होतं, आणि ती चढण्याची वेळ नव्हती.

दादाचा चेहरा मी तसा दुसऱ्यांदा पाहत होतो; पहिल्यांदा बांध फुटला त्या दिवशी.

"पळ," तो म्हणाला. "माझ्या पायाने होणार नाही. गणुजीला सांग, सगळ्यांना वर घे. आत्ता. हिरा सांगतो म्हणावं."

मी पळालो. निम्म्या वाटेपर्यंत खरंच पळालो. मग दम लागला म्हणून चालू लागलो, आणि चालताना मनात विचार आले. तिथे सातआठ माणसं असतील. मी कोकणातून आलेला शाळामास्तर धापा टाकत सांगणार, की भोपळ्याचा दगड चुकीच्या वेळी हलला, काम बंद करा. माझ्या भावाला आधीच लोक पाणी ऐकणारा म्हणून हसतात. निदान नीट श्वास घेऊन, नीट शब्दांत सांगावं.

पोचलो तेव्हा सगळं शांत होतं. चाकापाशी चार गडी, गणुजी एका दगडावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. खालून पहारीचे ठोके येत होते, सावकाश, एकसारखे.

"या मास्तर," तो म्हणाला. "बसा."

मी बसलो. त्याने शेंगांची ओंजळ माझ्या हातात दिली. मी शेंगा खाल्ल्या. सांगायचं कसं याची जुळवाजुळव करत एक एक दाणा काढून खाल्ला. गणुजी मध्ये एकदा माझ्याकडे बघून परत विहिरीकडे पाहू लागला. ओंजळ संपली तेव्हा मी म्हणालो, "दादाने निरोप दिलाय. सगळ्यांना वर घ्या म्हणतो."

गणुजीने कारण विचारलं नाही. तो उठलाच. चाकाशी जाऊन त्याने दोर दोनदा झटकला आणि खाली ओरडला. ठोके थांबले. पहिला किसन वर आला, चिखलाने माखलेला, कंटाळलेला. दोर परत सोडला. बापू वर आला. तो म्हणाला, "खाली गरम लागून रायलं." दोर परत सोडला. दोनदा झटका आला. म्हणजे सोपान दोरावर बसला होता. गडी ओढू लागले.

आधी आवाज आला. उत्तरेकडून, भरलेल्या शेकडो गाड्या दगडी रस्त्याने याव्यात तसा. तिकडे रस्ता नाही. मग पायाखालून काहीतरी गेलं. होडीत उभं असताना खालून लाट जाते आणि फळी उचलली जाऊन खाली बसते, तसंच. मी होडीत वाढलेला माणूस, म्हणून पडलो नाही; बाकीचे सगळे गुडघ्यांवर आले. वाफ्यांमधून धूळ सरळ वर उठली आणि तशीच हवेत राहिली. विहिरीतून फांद्या मोडल्याचा आवाज आला, वरपासून खालपर्यंत, ओळीने. तोंड आवळत गेलं.

दोर सैल पडला.

ते थांबायला जपाचे दहा मणी ओढावेत एवढाच वेळ लागला असेल. मग आतून एक लांब हुंकार आला आणि काळं, कोमट पाणी चढत चढत हात पुरेल इतकं वर आलं, त्यावर निर्गुडीच्या काटक्या फिरत होत्या. थोडा वेळ ते तसंच राहिलं. मग गिळल्यासारखं खाली गेलं. गड्यांनी दोर ओढला. दोर तुटला नव्हता. टोकाची गाठ सुटलेली होती.

गणुजी तोंडाशी वाकून हाका मारत होता. फार मोठ्याने नाही. शेजारच्या खोलीतल्या माणसाला मारतात तशा.

नंतर

दादा पाय ओढत पोचला तेव्हा गणुजी त्याच्याकडे वळला. "कवा पाठोलं होतं ह्याले?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मुठीत शेंगांची टरफलं होती. त्याने ती पाहिली.

"उशिरा पाठवलं," तो म्हणाला. "माझ्याच ध्यानात उशिरा आलं."

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं नाही.

तीन दिवस गावाने ती विहीर खणायचा प्रयत्न केला. जेवढं काढावं तेवढं आत बसे. तिसऱ्या दिवशी यमुनाबाई स्वतः आली आणि म्हणाली, "रायू द्या आता. अजून कोनाचा जीव नोका घालू." तिने विहिरीत मूठभर ज्वारी टाकली. ती रडली नाही. मला म्हणाली, "मास्तर, जेवले का तुमी?"

त्या तीन दिवसांत दादा मला एक शब्दही बोलला नाही. म्हणजे दोष देणारा शब्द. भाकर वाढायचा, घोंगडी माझ्या अंगावर सरकवायचा. मी तीन वर्षांमागे सगळ्यांसमोर जे बोललो होतो, ते तो आता मला म्हणू शकत होता. मी वाट पाहत होतो. त्याने म्हटलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मी गणुजीकडे गेलो. तो अंगणात बसला होता. मी सरळ सांगितलं. दादाने वेळेवर पाठवलं होतं. मी निम्मी वाट चालत आलो. येऊन बसलो. शेंगा खात बसलो. लाज वाटली म्हणून.

तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "मले मालूम हाये."

मी त्याच्यासमोर खाली बसलो.

"तू आला तवा तुह्या तोंडाकडं पायलं म्या. काईतरी सांगाले आला, हे दिसून रायलं होतं. इचारलं नाई म्या. तळ लागून रायला होता ना. मले वाटलं, सांगन त सांगन." त्याने हाताच्या चिरांवरून अंगठा फिरवला. "कावून नाई इचारलं म्या, ते मी रोज इचारतो सोताले. तुह्यं तू पाहून घे."

त्याच दिवशी दुपारी जुन्या विहिरीवर गलका झाला. मिठाच्या वाफ्यात सोडलेलं पाणी कालपासून सुकून जात होतं आणि खाली मीठ राहत नव्हतं. कोणीतरी चाखून पाहिलं होतं. पाणी गोडं झालं होतं. त्या गावाला प्यायचं पाणी दोन कोसांवरून आणावं लागे. बायका घागरी घेऊन जमल्या, पण विहिरीपासून दहा पावलांवर थांबल्या. पाव कोसावर सोपान होता, आणि खाली सगळं पाणी एकच आहे हे तिथे सर्वांना ठाऊक होतं. दादाचा दगड खांबाला लागून लटकत होता. भरतीची वेळ होऊन गेली तरी तो हलला नव्हता.

दादा माझ्याबरोबर निघाला नाही. मिटलेल्या विहिरीवर दगडांचा पार बांधायचा आहे, तो झाला की येईन म्हणाला. चैत्रात तो खरंच आला. आता बांधाची राखण तोच करतो. वहिनीने त्याला एकही प्रश्न विचारला नाही.

मी निघालो त्या सकाळीही बायका घागरी घेऊन तशाच उभ्या होत्या. माझी गाडी विहिरीवरून जाणार होती. गणुजी तिथे आधीच येऊन बसला होता. मला पाहून तो उठला, पोहरा सोडला, पाणी शेंदलं आणि तांब्यात ओतलं. सगळ्यांच्या देखत त्याने स्वतः दोन घोट घेतले. मग तांब्या माझ्यापुढे धरला.

"पानी पेऊन जाय," तो म्हणाला.

मी दोन्ही हातांनी तांब्या घेतला आणि रिकामा होईपर्यंत खाली ठेवला नाही. मागे पहिली घागर विहिरीच्या काठावर टेकल्याचा आवाज आला.